हिंटरबाखला गाडी कोण नेणार

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी अंगणात गाडी उभी करून चाकांना बर्फाच्या साखळ्या चढवून बघायच्या, ही रूलोफच्या घरची जुनी पद्धत. हॉलंडमधल्या त्यांच्या मेपेल गावात तेव्हा बर्फ नसतो. चिखल असतो, वारा असतो, आणि कुंपणापलीकडचा शेजारी दरवर्षी तोच विनोद करतो, "काय रूलोफ, आज रात्रीच डोंगर उगवणार वाटतं इथे?" पण सराव कोरड्यातच करून ठेवायचा. घाटात बोटं गारठलेली असताना साखळीचा कुठला आकडा कुठे अडकतो ते शोधत बसलं की मागच्या गाड्या हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात.

हे सगळं फेनाचं म्हणणं. फेना म्हणजे रूलोफची बायको. ती ऑक्टोबरात गेली.

या रविवारी रूलोफने शेडमधून साखळ्यांचा डबा काढला आणि तो शेडच्या पायरीवरच बसला. डबा काही जड नव्हता. पण उठावंसं वाटेना. हल्ली असंच व्हायचं. कपाट उघडलं की उघड्या कपाटासमोर उभा. बूट घालायला बसला की एक बूट पायात आणि एक हातात. कामाने माणूस दमतो ते वेगळं. तेही त्याने भरपूर पाहिलं होतं. चाळीस वर्षं लोकांच्या घरचे गरम पाण्याचे बॉयलर बसवत आणि दुरुस्त करत काढली होती. ती दमणूक रात्री झोपलं की जायची. ही जात नव्हती, कारण झोपच नव्हती.

फेब्रुवारीत शाळांना आठवडाभर सुट्टी लागली की सगळ्यांनी ऑस्ट्रियातल्या हिंटरबाखला जायचं, लेखनरबाईंच्या घराचा वरचा मजला घ्यायचा आणि आठवडाभर स्कीइंग करायचं, हे इल्से, म्हणजे रूलोफची मुलगी, शाळेत होती तेव्हापासून चालू होतं. आता तिच्याच दोन मुली शाळेत जात होत्या. जाताना घरून सगळं न्यायचं: बटाट्यांचं पोतं, कॉफी, शेंगदाण्याचं लोणी, पोरींच्या पावावर घालायचे चॉकलेटचे दाणे, गोठवलेलं वाटाण्याचं सूप. लेखनरबाई दारातच कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "पाणी विसरलात की काय? की तेही आणलंय?"

आणि जायचं ते एका दमात. शुक्रवारी शाळा सुटली की पोरी आजोबांच्या गाडीत, संध्याकाळी निघायचं, रात्रभर चालवायचं, सकाळी डोंगर. इल्से आणि तिचा नवरा योस्ट यांची बेकरी होती. शनिवार हा त्यांचा सगळ्यात मोठा दिवस. तो सोडून त्यांना निघता यायचं नाही. ते दुकान बंद करून मागाहून यायचे. पोरी मात्र आजी-आजोबांबरोबर पुढे. वाटेत मुक्काम वगैरे कुणी काढला तर रूलोफच हसायचा. मुक्काम करतात ते देशाच्या पश्चिमेकडचे शहरी लोक, ज्यांना हजार किलोमीटरचा धसका बसतो.

रूलोफ चालवायचा आणि फेना शेजारी बसून त्याला जागं ठेवायची. ती मूळचीच बोलकी. सरहद्द ओलांडली की ती सुरू व्हायची. कोलोनपर्यंत आपल्या माहेरच्यांची उणीदुणी, फ्रांकफुर्टपर्यंत त्याच्या घरच्यांची, आणि पुढे म्यूनिकपर्यंत चर्चमध्ये कोण कुणाशी बोलत नाही आणि का. मधेच सोललेलं संत्रं त्याच्या तोंडात. रूलोफ हूं हूं करायचा. त्याला कधी वाटलं नव्हतं की हे काही काम आहे.

तिचं आजारपण दीड वर्ष चाललं. पुढच्या खोलीत तिच्यासाठी दवाखान्यासारखी खाट आणली होती आणि रूलोफ तिच्या शेजारी आरामखुर्चीत झोपायचा. झोपायचा म्हणजे तिचा श्वास ऐकत पडायचा. ती खोकली की उठायचं, कण्हली की उठायचं, आणि अगदी शांत झाली तर त्याहून लवकर उठायचं. आता खाट परत गेली होती. आरामखुर्ची भिंतीला होती. रूलोफ वरच्या मजल्यावर आपल्या पलंगावर पडायचा आणि त्याचे कान तसेच ताठ राहायचे, खालून कुणी हाक मारेल म्हणून.

रात्री न आलेली झोप मग दिवसा गाठायची, नको तिथे. न्हाव्याच्या खुर्चीत. चर्चमध्ये प्रार्थनेला डोळे मिटले की. दुकानात रांगेत उभ्या उभ्या. आणि तीन आठवड्यांपूर्वी, आसेनहून येताना कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर. सरळ रस्ता, भर दुपार, रेडिओ चालू. पुढचं त्याला आठवत होतं ते एकदम गवतातून चाकं खडखडल्याचं. समोर झाडाचा बुंधा, बुंध्यापलीकडे पाणी. त्याने स्टिअरिंग फिरवलं. सायकलवरचा एक माणूस पाय टेकवून त्याच्याकडे बघत उभा होता. रूलोफने त्याला हात केला, जणू मुद्दामच तसं वळलो, आणि घरी आला.

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

सांगायचं तर कसं? सप्टेंबरात, बोलायचं अजून त्राण होतं तेव्हा फेनाने बजावलं होतं, "फेब्रुवारीत पोरींना घेऊन जा. घरात बसून राहू नकोस. तू बसलास की तुला बुरशी येते." इल्सेने तेव्हापासून एकेक काम त्याच्या हातातून काढून घेतलं होतं. प्रेमानेच, पण काढून घेतलं होतं. बँकेचं ती बघायची, कपडे ती न्यायची, फ्रिज उघडून काय सडलंय तेही ती बघायची. गाडी तेवढी अजून त्याची होती. पोरींना हिंटरबाखला आजोबाच नेणार, हेही अजून त्याचंच होतं.

"झोपलास की काय रे?"

बेरेंट आला होता. फेनाचा थोरला भाऊ, जन्मभर टपाल वाटलेला. त्याच्या डोळ्यांना मधोमध धूसर झालं होतं. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. लायसन्स त्याने स्वतःच जाऊन परत केलं होतं आणि त्या कचेरीतल्या बाईला, तुम्ही दिसायला छान आहात, निदान तुमचे कान तरी, असं सांगून आला होता. यंदा फेनाच्या जागेवर तो बसणार होता.

"बसलोय," रूलोफ म्हणाला.

"ऊठ. बर्फ पडायच्या आत चढवू."

रूलोफने गाडी अंगणात पुढे घेतली, शेडच्या दाराकडे तोंड करून. बेरेंटने गुडघ्याखाली बागकामाची गादी घेतली, साखळी हातात धरून चाचपली आणि खुशीत म्हणाला, "हिला मी ओळखतो. हिला डोळे लागत नाहीत." गाडीसमोर पावाच्या लाल क्रेटवर थोरली नात लोटे बसली होती, नऊ वर्षांची. साखळ्यांच्या डब्यातला जर्मन कागद ती लष्करी सुरात वाचून दाखवत होती. अर्थ तिला ओ की ठो कळत नव्हता.

"पुढे काय लिहिलंय, सरसेनापती?" बेरेंट म्हणाला.

"लिहिलंय की म्हाताऱ्या माणसांनी लवकर आटपावं."

"दाखव बरं कुठे ते."

"तुम्हाला दिसणार आहे का, बेरेंटआजोबा?"

"बघ, बघ. आजीची जीभ जशीच्या तशी घेतली आहे पोरीने."

पद्धत अशी असते की साखळी चाकावर पसरायची, आतली कडी जोडायची, मग गाडी हातभर पुढे घ्यायची म्हणजे चाकाखालचा भाग मोकळा होतो, आणि मग बाहेरून आवळायची. म्हणून रूलोफ गाडीत बसला होता, इंजिन चालू ठेवून. "गिअरमध्येच राहू दे," बेरेंट खालून ओरडला, "लगेच सांगतो." रूलोफने पहिला गिअर टाकून क्लच दाबून धरला. पायांवर हीटरची ऊब येत होती. काचेतून समोर लोटेची लाल टोपी दिसत होती, कागद वाचताना हलणारी. बेरेंट काहीतरी पुटपुटत होता. आकडा सापडत नसावा. ते पुटपुटणं फेनाच्या आवाजाच्या इतकं जवळचं होतं, बहीणभावाचा एकच घसा.

गाडीने उडी मारली. काहीतरी कडाडलं. इंजिन बंद पडलं.

"अरे ए! ए! मारतोस का मला!"

रूलोफने डोळे उघडले. बोनेट शेडच्या दाराला टेकलं होतं. बेरेंट कुंपणाच्या झुडपात बसलेला होता, पाय पुढे पसरून, अगदी बागेत बाक टाकून बसावं तसा. समोर लाल टोपी नव्हती.

त्याला दार उघडता येईना. मग उघडलं. तो पुढे आला. क्रेट दाराच्या आणि बंपरच्या मधे सापडून चपटा झाला होता. त्याखाली काही नव्हतं. जर्मन कागद चिखलात पडला होता.

"लोटे," तो म्हणाला.

"आत गेली ती," बेरेंट म्हणाला. "धाकटीने केक खायला हाक मारली, गेली पळत. आत्ताच. मी पण हातमोजे शोधायला उठलो म्हणून वाचलो, नाहीतर माझे दोन्ही पाय आज सूपमध्ये असते. क्लच गेला तुझा, रूलोफ."

रूलोफने गाडीच्या छतावर दोन्ही हात टेकवले.

इल्से आणि योस्ट धावत आले. काय झालं, कुणाला लागलं का, मामा तुम्ही झुडपात काय करताय. बेरेंटने सगळं रंगवून सांगितलं. योस्टने आत बसून क्लच दोन-तीनदा दाबून पाहिला, गाडी मागे घेतली आणि म्हणाला, "मधेच सटकत असेल. प्लेट झिजली असणार, बाबा. उद्याच गॅरेजला टाका. निघायला अजून दिवस आहेत."

"हो," रूलोफ म्हणाला.

त्या एका शब्दासरशी सगळं मिटलं. क्लच खराब, क्लच बदलायचा. योस्टने फुटका क्रेट उचलून कचऱ्याच्या डब्याजवळ नेऊन ठेवला. बेकरीत असे शेकडो होते.

आत स्वयंपाकघरात टेबलावर कॉफी आणि योस्टने आदल्या दिवशीचा उरलेला लोण्याचा केक मांडला होता. दरवर्षी साखळ्यांनंतर हीच बैठक. इल्सेने भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. लोटे आणि धाकटी मीस कोण कुठल्या खिडकीशी बसणार यावर भांडत होत्या. मीस सहा वर्षांची होती. तिला बेरेंटच्या मागची जागा हवी होती, कारण बेरेंट मागे न बघता गोळ्या देतो आणि किती दिल्या ते त्याला दिसत नाही.

"गोळ्या मोजता येतात मला," बेरेंट म्हणाला. "बोटांनी."

"तुम्ही मागच्या रविवारी मला पाच दिल्यात आणि तीन म्हणालात."

"ते मी आईसमोर म्हणालो. हिला राजकारण कळत नाही अजून."

रूलोफ आपल्या खुर्चीत बसला होता. समोरच्या कॉफीवर साय आली होती. लोटेच्या केसांना केकचा चुरा लागला होता. तो त्या चुऱ्याकडे बघत होता.

"तर ठरल्याप्रमाणे," इल्से म्हणाली. "शुक्रवारी शाळेतून पोरींना बाबा घेतील. मामा आधीच गाडीत. जेवण करून निघायचं. आम्ही शनिवारी दुकान बंद करून. छतावरची पेटी आमच्या गाडीवर, स्की आमच्याकडे. बटाटे तुमच्याकडे, बाबा. आणि ऑस्ट्रियातल्या टोलचा स्टिकर लक्षात ठेवा, दरवेळी आईच घ्यायची."

"पोरी पाच मिनिटांत झोपतात," योस्ट म्हणाला. "तेच बरं असतं. उठल्या की डोंगर."

"आणि मी आहे ना बडबडायला," बेरेंट म्हणाला. "घराण्याचं काम आहे ते."

लोटे आणि मीस उठल्या. शेजाऱ्यांच्या सशांचं खाणंपिणं आजपासून त्यांच्याकडे होतं, त्यांना गाजरं द्यायची होती. मागचं दार आपटलं. त्यांचे आवाज कुंपणाबाहेर गेले.

रूलोफला वाटलं, आता कॉफी प्यावी. मग उद्या गॅरेजला जावं. गॅरेजवाला म्हणेल क्लच ठीक आहे, आपण म्हणू बरं. त्याने कप उचलला आणि परत ठेवला.

"क्लचला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत, बाबा?" योस्ट म्हणाला. "तो मधेच सटकतो. टाकून बघा गॅरेजला."

"मला झोप लागली."

कुणाला नीट कळलं नाही. इल्सेने कॅलेंडरवरून मान वर केली. "आत्ता?"

"मघाशी, गाडीत. मी बसलो होतो आणि झोपलो. पाय सुटला."

बेरेंट म्हणाला, "एवढा काही मी कंटाळवाणा बोलत नव्हतो." पण त्याला कुणी हसलं नाही आणि त्याने आपला हात टेबलावरून खाली घेतला.

"दमला असाल तुम्ही," इल्से म्हणाली. "एखाद्या वेळी..."

"एखाद्या वेळी नाही." रूलोफला वाटलं होतं, बोलायला जड जाईल. पण बोलणं सोपं होतं. थांबणं जड होतं. "मी रात्री झोपत नाही. ती गेल्यापासून नाही. आणि दिवसा येते, आली की कळत नाही. आसेनहून येताना कालव्याच्या रस्त्यावर आली. गवतात गेलो होतो. झाड होतं पुढे."

"कधी?"

"जानेवारी लागला तेव्हा. पहिल्या आठवड्यात."

इल्से मनात काहीतरी जुळवत होती, आणि काय जुळवते आहे हे रूलोफला माहीत होतं. तो वाट बघत बसला.

"दर बुधवारी तुम्ही मीसला पोहायला नेता," ती म्हणाली.

"हो."

"त्याच्यानंतरही नेलंत."

"नेलं."

"गाडीतून."

"हो."

"मी तुम्हाला म्हटलं होतं, बाबा, की मी कुणाची तरी सोय करते. तुम्ही म्हणालात, मी आहे ना! तुम्ही म्हणालात!" तिचा आवाज चढला. "आणि शुक्रवारी? शुक्रवारी तुम्ही काय करणार होतात? दोघी मागे झोपलेल्या, रात्रभर, जर्मनीत, ट्रकांच्या मधून! मामांना दिसत नाही!"

"कडेचं दिसतं," बेरेंट हळूच म्हणाला.

"मामा!"

"मला वाटलं होतं, तोवर झोप येईल," रूलोफ म्हणाला. त्याला पुढे काहीतरी सांगायचं होतं, फेना सप्टेंबरात काय म्हणाली ते. पण ते आपला दोष फेनावर ढकलण्यासारखं वाटलं, म्हणून त्याने सांगितलं नाही. "ती मघाशी तिथेच बसली होती. लोटे. क्रेटवर. केक कापला म्हणून उठली."

इल्सेच्या चेहऱ्यावरचा राग तिथेच थिजला. ती उठली, खुर्ची मागे पडता पडता राहिली, आणि मागच्या दाराने बाहेर गेली. खिडकीतून ती दिसत होती. कचऱ्याच्या डब्याजवळ ती उभी राहिली, फुटका क्रेट पायाने उलटा केला, मग सुलटा केला. मग गाडीत जाऊन बसली, दार ओढून घेतलं.

आत तिघं पुरुष बसून राहिले. योस्टने केकचा तुकडा कापला आणि खाल्ला नाही.

"मी रात्री दोनला उठतो," तो म्हणाला. "भट्टीसाठी. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी पिठाच्या पोत्यावर झोपलो होतो, भट्टी पेटलेली. वडील आले म्हणून वाचलो. त्यांनी मला कानफटात दिली होती." त्याने रूलोफकडे पाहिलं. "तुम्हाला कानफटात द्यायला कुणी नाही, एवढंच."

"आहे ना," बेरेंट म्हणाला. "बाहेर गाडीत बसली आहे. जरा दम घेते आहे."

इल्से आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि जाकिटाच्या खिशात गाडीची किल्ली वाजत होती. ती तिने टेबलावर ठेवली नाही. रूलोफने मागितली नाही.

"शनिवारी दुकान बंद," ती योस्टला म्हणाली.

"सुट्टीच्या शनिवारी? अख्खं गाव वाटेसाठी पाव न्यायला येतं, इल्से. ऑर्डरी घेतल्यात मी."

"मग शुक्रवारी देऊन टाक. नाहीतर परत कर. आम्ही घरचीच माणसं सांभाळतोय म्हणून सांग."

योस्टने कपाळ चोळलं. बेकरी त्याच्या आजोबांची होती आणि सुट्टीच्या शनिवारी ती बंद राहिल्याचं कुणाला आठवत नसेल. "दारावर पाटी लावावी लागेल," तो म्हणाला. म्हणजे तयार झाला.

"सगळे शनिवारी सकाळी निघायचं. उजेडात. आपली गाडी तू चालव, पोरी तुझ्याबरोबर." तिने वडिलांकडे न बघता सांगितलं. "बाबांची मी चालवते. बाबा आणि मामा माझ्याबरोबर. आणि वाटेत मुक्काम."

"मुक्काम?" बेरेंट म्हणाला. "हॉटेलात? आपण? लेखनरबाईंना काय सांगणार?"

"सांगा, मला धसका बसला हजार किलोमीटरचा. त्यांना रविवारी येतो म्हणून आज फोन करायचा. बाबा, तुम्ही कराल?"

"मी नाही आलो तरी चालेल," रूलोफ म्हणाला. "तुम्ही जा सगळे. मी इथे..."

"इथे काय? पलंगावर पडून छत बघाल?"

"इल्से," योस्ट म्हणाला.

"नाही, बोलू दे मला. मला राग आला आहे आणि तो शनिवारपर्यंत जाणार नाही, कदाचित नंतरही जाणार नाही. पण राग आला म्हणून यांना इथे एकटं टाकून जायचं, आणि तिकडे आठवडाभर फोन लावत बसायचं का? ते मला जमणार नाही. मंगळवारी डॉक्टरकडे जायचं, मी येते बरोबर. आणि शनिवारी गाडीत बसायचं. झोप आली तर झोपायचं." ती थांबली. "तुम्ही कुणाला काही सांगत का नाही हो, बाबा?"

सांगायचं ते सगळं रूलोफ एकाच माणसाला सांगायचा, आणि त्यातलंही अर्धं न बोलताच. त्याने खांदे उडवले. ते उर्मटपणाचं दिसलं असावं म्हणून तो म्हणाला, "फोन करतो मी लेखनरबाईंना."

इल्से त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. नकाशा तिने मागवला नाही. फोनमध्ये रस्ता मिळतो हे तिलाही माहीत होतं.

"मी सरहद्दीपलीकडे कधी चालवलेली नाही," ती म्हणाली. "मी नेहमी योस्टच्या शेजारी. सांगा कसं जायचं. वळणं नकोत, ती फोन सांगतो. कुठे काय असतं ते सांगा."

रूलोफने डोळे मिटले. मिटल्यावर रस्ता बरा दिसायचा.

"एमरिखपर्यंत काही नाही," तो म्हणाला. "सपाट. आपल्याकडच्यासारखंच. ओबरहाउझेनला रस्ते एकमेकांत शिरतात, तिथे आधीपासून डाव्या पट्ट्यात राहा, कुणी दिवे मारले तरी हटू नकोस. कोलोनला गर्दी. तिथे चिडायचं नाही, ती असतेच."

"बरं."

"कोलोन गेलं की पहिला चढ लागतो. तिथून गाडी वेगळी वाटते, भरलेली असते ना. लिम्बुर्गला उजवीकडे टेकडीवर चर्च दिसतं. मुलींना..." तो थांबला. पोरी दुसऱ्या गाडीत असणार होत्या. "दिसतं ते. तू बघू नकोस, तू समोर बघ. फ्रांकफुर्टला विमानं अगदी डोक्यावरून जातात. दचकायला होतं."

"मी पहिल्या वर्षी खाली वाकलो होतो," बेरेंट म्हणाला.

"मग जंगल. चढ-उतार, चढ-उतार. ट्रक उजवीकडे रांगेत असतात, त्यांच्यात शिरू नकोस. पेट्रोल तिथे नको भरूस, पुढे जरा आत उतरलं की..." आवाज सावकाश होत चालला होता. योस्टने खुर्ची न वाजवता पुढे घेतली. "वुर्झबुर्गला मोठा उतार आहे. खाली नदी. ब्रेक दाबत बसायचं नाही. गिअर खाली घ्यायचा, आणि गाडीला आपलं आपलं... आणि मग..."

"मग?" इल्से म्हणाली.

रूलोफची हनुवटी छातीवर आली होती. श्वास लांब चालला होता, घशात जरा घरघर.

"मग काय," बेरेंट कुजबुजला, "मग म्यूनिक."

"मधे न्युरेम्बर्ग आहे, मामा."

"ते लागतंच वाटेत."

मागचं दार धाडकन उघडलं आणि मीस आत आली, हातात अर्धं गाजर, "आजोबा, सशाने माझं..." इल्सेने हात वर केला. मीस दारातच थांबली. तिच्या मागून लोटे आली आणि तीही थांबली.

"मेले का?" मीसने विचारलं.

"नाही गं. झोपलेत."

"टेबलावर?"

"टेबलावर." इल्सेने वडिलांच्या कोपराजवळचा कप उचलून लांब ठेवला. कॉफी थंडगार होती. तिने तशीच पिऊन टाकली. "बूट काढा आणि वर जा. न्युरेम्बर्गच्या पुढचं मी त्यांना उद्या विचारते. आत्ता कुणी उठवायचं नाही."